रानपिंगळा की आपला साधाच पिंगळा? (फोटो टाकलेत, जाणकारांनी सांगा)

बारा_गावचं_पाणी

मंडळी नमस्कार. एवढी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात मावसभावाच्या लग्नाला शहाद्याला गेलो होतो. हळदीच्या दिवशी घरात नुसता गोंधळ, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, मग मी आणि भाचा सकाळी गाडी काढून सातपुड्याच्या पायथ्याला [संपादित] च्या पुढे जाऊन आलो. साडेनऊ वाजले असतील, ऊन चटकायला लागलेलं, आणि पानं झडलेल्या एका सागाच्या शेंड्यावर हा पठ्ठ्या बसलेला. भाचा म्हणाला मामा घुबड बघ, आणि माझ्या पोटात गोळाच आला. कारण शहादा, सातपुडा, सागाचं जंगल आणि वर भर दिवसा बसलेलं घुबड, म्हणजे रानपिंगळाच की हो! दोन फोटो टाकलेत, पहिला समोरून, दुसरा जरा क्रॉप केलेला. कॅमेरा साधाच आहे आणि हातही कापत होता.

शीर्षकात प्रश्नचिन्ह आहे ते नम्रता म्हणून, मनातून माझी खात्री झालीये. पण पक्षी बघायला लागून मला जेमतेम दीड वर्ष झालंय त्यामुळे या दोघांत नेमका फरक काय तेही सांगा. आणि एक आमच्या सोसायटीच्या मागच्या आंब्यावर रोज संध्याकाळी केकाटतो आणि दुसरा बघायला लोक परदेशातून येतात, असं का?

शिंजीर

पहिला धागा आणि थेट रानपिंगळा! आम्ही पहिल्या धाग्यात बुलबुल टाकला होता :)

फोटो मोबाईलवर नीट दिसत नाहीयेत, रात्री लॅपटॉपवर बघते.

माळावरचा

बा.गा.पा., अर्धंच अभिनंदन करतो, रागावू नका. फोटो १ मध्ये डोकं बघा. टाळूवर पांढरे ठिपके आहेत ना, मीठ भुरभुरल्यासारखे? आणि मान थोडी वळलीये तिथे मागच्या बाजूला फिकट पट्टा दिसतोय, कॉलरसारखा. हा साधा पिंगळा आहे.

रानपिंगळ्याची टाळू जवळपास कोरी असते, राखी तपकिरी. अगदी जवळून पाहिलं तर बारीक फिके ठिपके असतात पण लांबून डोकं सपाट एका रंगाचंच वाटतं. मानेवरची कॉलर तशी नसतेच. छातीवर गडद तपकिरी रंग भरून असतो आणि त्याच्याखाली पोट मधोमध स्वच्छ पांढरं. पंख आणि शेपटीवर रुंद गडद पट्टे, मधले पांढरे पट्टेही ठसठशीत, पिंगळ्याचे त्यामानाने पुसट. पाय बघायला मिळाले तर पांढऱ्या पिसांची जाड विजार घातल्यासारखे दिसतात आणि पंजे अंगाच्या मानाने दांडगे. उंचीत म्हणाल तर दोनेक सेंटीमीटरचा फरक, तो शेंड्यावर बसलेल्या पक्ष्यात कुणालाच कळत नाही.

आणि ते भर दिवसाचं. रानपिंगळा दिवसा शिकार करतो हे खरं, सरडे, सापसुरळ्या, उंदीर, किडे काहीही. पण साधा पिंगळाही हिवाळ्यात सकाळी ढोलीच्या तोंडाशी किंवा फांदीवर ऊन खात बसतो की. त्यामुळे दिवसा दिसला एवढ्यावरून रानपिंगळा ठरत नाही.

बारा_गावचं_पाणी

अरेरे. घरच्या ग्रुपवर टाकून झालंय. मावशीने तर 'लग्नघरात शुभशकुन' म्हणून स्टेटसला ठेवलाय.

संपादक मंडळ

धाग्यातून गावाचं नाव काढलं आहे. पक्षी साधा निघाला तरी भाग तोच आहे आणि सध्या विणीचा हंगाम सुरू आहे. कृपया प्रतिसादांमध्येही नेमकी जागा लिहू नये.

उंटावरचा_शहाणा

बा.गा.पा., मनाला लावून घेऊ नका, तुम्ही फार मोठ्या लोकांच्या रांगेत आहात. 1968 मध्ये रानपिंगळा सापडला म्हणून असाच दावा झाला होता, फोटोही होते, आणि पुढे कळलं की तो आपला साधा पिंगळाच. सलीम अलींनासुद्धा शोधून सापडला नाही.

सगळी स्टोरीच भन्नाट आहे, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात टाकतो (माझं थोडक्यात म्हणजे तुम्हाला माहितीये). 1872 मध्ये ब्लेविट नावाच्या माणसाने हल्लीच्या छत्तीसगडकडच्या फुलझर भागात हा पक्षी मारला, 1873 मध्ये ह्यूमने त्याचं वर्णन छापलं आणि ब्लेविटचं नाव पक्ष्याला दिलं. हा ह्यूम म्हणजे तोच, पुढे काँग्रेस काढणारा. मग 1880 च्या दशकात डेव्हिडसन नावाचा खानदेशात नोकरीला असलेला सनदी अधिकारी, त्याने शहादा-तळोदा भागात आणखी नमुने गोळा केले. शेवटचा खरा नमुना 1884 चा. जगभरच्या म्युझियममध्ये मिळून सात कातडी, संपला विषय.

आता यात घोळ असा की कर्नल माइनर्टझॅगन नावाच्या एका बड्या पक्षीतज्ज्ञाने दावा केलेला की मी 1914 मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला एक मारला. सगळे मान डोलावून मोकळे, एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल. पुढे 90 च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला तर तो डेव्हिडसनचाच निघाला! म्हणजे म्युझियममधून ढापला, आतलं भरण काढलं, नव्याने शिवला आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावली. पण डेव्हिडसनच्या हाताची शिवणकामाची सवय काही पूर्ण पुसता आली नाही बिचाऱ्याला. असली हातचलाखी त्याने एकदा नाही, ढिगाने केलेली.

आता ही नुसती गंमत नाहीये बरं का. मांडवी यादीतून उडाली म्हटल्यावर शोधायचं कुठे तर जिथून खरे नमुने आले तिथेच. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट आधी पूर्वेकडे हिंडले, काही मिळालं नाही, मग शहाद्याला आले आणि 25 नोव्हेंबर 1997 ला सकाळी बेन किंगला बोडक्या झाडावर बसलेला दिसला. 113 वर्षांनी!

शिंजीर

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). म्हणजे चोर पकडला म्हणून पक्षी सापडला, भारीच.

परदेशी_पाखरू

उं.श. मस्त लिहिलंय. मी लंडनपासून जवळच राहते, ट्रिंगचं म्युझियम मुलांना दाखवायला नेलं होतं. पक्ष्यांची जी संशोधनाची कातडी आहेत ती तिथेच असतात पण सामान्य लोकांना बघायला मिळत नाहीत, कपाटात बंद. खानदेशातल्या पक्ष्याच्या एवढ्या जवळ जाऊन भुसा भरलेला वाघ आणि पिसवांचे कपडे बघून परत आले (हो, पिसवांना कपडे घातलेत, गूगल करा).

हिशोबनीस

माहिती छान, पण एक शंका, खवचटपणे नाही तर खरंच विचारतोय. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत रानपिंगळा आधी क्रिटिकली एन्डेंजर्ड (अति धोक्यात) होता, 2018 मध्ये एक पायरी खाली आणून नुसता एन्डेंजर्ड (धोक्यात) केला. म्हणजे परिस्थिती सुधारली असाच अर्थ ना? मग अजूनही 'जगातला सर्वात दुर्मिळ' वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ते कशाला? चांगली बातमी आपल्या लोकांना पचतच नाही असं माझं मत झालंय.

शिंजीर

@हिशोबनीस, जुन्या शर्टाच्या खिशात पाचशेची नोट सापडली तर पगार वाढला म्हणणार का तुम्ही?

2014 मध्ये तानसाच्या अभयारण्यात रानपिंगळा मिळाला. मुंबईकर ज्या तानसाचं पाणी पितात तेच तानसा. तोपर्यंत सगळे समजत होते की हा सातपुड्यातच असतो. आता तो काही 2014 ला लोकल पकडून तिकडे गेला नाही ना, तिथे होताच, कुणी त्या नजरेने बघितलं नव्हतं. गुजरातेत डांगातल्या पूर्णा अभयारण्यातही तसंच. ठिकाणं वाढली म्हणून आकड्याचा अंदाज वाढला आणि म्हणून पायरी बदलली. पक्ष्यांनी काही जास्त अंडी घातली नाहीत.

माळावरचा

शिंजीरताईंना +१, फक्त थोडी भर घालतो.

ती पायरी कशावर ठरते तर प्रजननक्षम पक्षी किती आहेत, ते घटतायत का, आणि किती तुकड्यांत विखुरलेत यावर. आधी अंदाज होता अडीचशेच्या आत, 2018 मध्ये तो 250 ते 999 असा धरला. पण त्याच कागदावर कल अजूनही 'घटता' असाच आहे, तो बदललेला नाही. आणि 999 धरा हवे तर. अख्ख्या जगात, म्हणजे महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातच्या मधल्या पट्ट्यात, एका बऱ्या मंगल कार्यालयात मावतील एवढेच.

साध्या पिंगळ्याची पायरी 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे चिंता नको, सगळीकडे आहे. दोघं एकाच कुळातले, जनुकीय अभ्यासातही रानपिंगळा त्याच अथीनी गटात बसला (ह्यूमने त्याला वेगळी जात नाही तर अख्खा वेगळा वंश दिला होता, हेटेरोग्लॉक्स, म्हणजे 'निराळं घुबड'). जवळचे चुलतभाऊ म्हणा. एकाला काहीही चालतं, विहिरीची कपार, पत्र्याखालची फट, वडाची ढोली, रस्त्याच्या दिव्याखाली जमणारे किडे. दुसऱ्याला मोकळं पानगळीचं जंगल लागतं, साग, सालई वगैरे, आणि त्यात म्हातारी ढोलीवाली झाडं लागतात. असली झाडं तोडणाऱ्यांच्या दृष्टीनेही 'निकामी' म्हणून आधी जातात, तिथेच मार बसतो.

हिशोबनीस

ठीक आहे, नोटेचं उदाहरण पटलं. पण मग मला वाटतं ही पायऱ्यांची भाषाच लोकांना फसवते. 'खाली आणलं' म्हटलं की माझ्यासारख्या माणसाला बरं झालं असंच वाटणार, आणि उद्या कुठे निधी द्यायचा ठरवणाऱ्या साहेबालाही तसंच वाटणार की.

माळावरचा

अगदी. ही भीती खरी आहे. एक बरं की आपल्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे आणि ते आययूसीएनच्या पायरीवर अवलंबून नाही.

तापीकाठ

मी तळोद्याचा. उशिरा बघितला धागा, शेतात काम चालू होतं.

जंगल कमी झालं जंगल कमी झालं सगळे लिहितात, कसं झालं ते पण लिहा ना. नेहमी एकच वाक्य असतं, 'अतिक्रमणामुळे'. म्हणजे आमच्याकडच्या पावरा-भिल्लांनी कुऱ्हाड घेतली आणि पक्षी संपला. अहो, सरदार सरोवरात गावं बुडाली तेव्हा अक्राणी-अक्कलकुव्याकडच्या लोकांना बसवायला तळोद्याचंच हजारो हेक्टर जंगल नव्वदच्या दशकात मोकळं करून दिलं सरकारने. कागदावर, शिक्क्यासकट. आधी डोंगरातली माणसं पाण्याने हलवली आणि मग त्या माणसांसाठी खालचं जंगल हलवलं. माणसांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना जमीन पाहिजेच होती आणि ती सुद्धा सगळ्यांना धड मिळाली नाही. पण 1997 ला तो पक्षी ज्या पट्ट्यात सापडला तोच हा पट्टा, हे पण खरं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आता बसा भांडत.

बाकी चुका आमच्याकडे नाहीत असं पण नाही. पोरं गलोलीने पक्षी मारतात, मी पण मारलेत लहानपणी. आणि हा पक्षी माणसाला घाबरून लगेच उडत नाही, बसून बघत राहतो, त्यामुळे नेम धरायला सोपा. घुबड म्हटलं की भगताकडे नेणारे पण होते, आता कमी झालंय, बंद झालंय असं नाही सांगणार. आमच्या घरी म्हातारी अजून नखं मागणाऱ्याला शिव्या घालून हाकलते पण ती पुण्यासाठी नाही, तिला तो माणूस आवडत नाही म्हणून.

शिंजीर

तापीकाठ दादा, तुमचा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका ना प्लीज. हे आम्हाला इथे बसून कळत नाही.

तापीकाठ

टाकेन ताई, कापूस वेचून झाला की. पण मला फोटो काढता येत नाही, नुसतं लिहीन.

उंटावरचा_शहाणा

थोडं अवांतर. साध्या पिंगळ्याला आपण 'चिंता नको' म्हणून सोडून देतो पण घुबडांच्या चोरट्या बाजारात तोच सर्रास सापडतो, ट्रॅफिक या संस्थेने त्यावर बराच अभ्यास केलाय. दिवाळीच्या आसपास मागणी वाढते, लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि त्याच लक्ष्मीपूजनाला त्याचा बळी द्यायचा, आपलं डोकं कसं चालतं देव जाणे. त्याच्यासाठी मोर्चा कोण काढणार, तो दुर्मिळ नाही ना.

आणि अजून अवांतर. आमच्या लहानपणी पहाटे पिंगळा जोशी यायचा, हातात कंदील आणि कुडमुडं, दारात उभा राहून घरातल्यांची नावं घेऊन भविष्य सांगायचा. पाखराची बोली कळते म्हणे त्याला. आजी त्याला सुपातून धान्य घालायची आणि आम्ही गोधडीत घाबरून पडायचो. आता पिंगळा पक्षी आहे आणि पिंगळा जोशी दिसत नाही. उलटं व्हायला पाहिजे होतं की नाही माहीत नाही.

परदेशी_पाखरू

आमच्याकडे साताऱ्याला पण यायचे! आवाज अजून आठवतो.

आवाजावरून आठवलं, दोघांच्या आवाजात फरक काय? तो नाही का सांगितला कुणी?

माळावरचा

राहिलंच ते. साध्या पिंगळ्याचं भांडण सगळ्यांनी ऐकलंय, चिर्रर्र चिर्रर्र चिवक चिवक, दोघं असले की एकमेकांवर वसकन ओरडल्यासारखं, संध्याकाळी दिवेलागणीला जास्त. रानपिंगळ्याचा आवाज छोटा, गोल, 'ओवऽव' असा, त्यामानाने गोड. अजून एक खूण म्हणजे शेपटी, रानपिंगळा बसल्या बसल्या ती डावी-उजवीकडे झटकत राहतो.

पण कृपा करून मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलवू नका. आत्ता पिल्लांचे दिवस आहेत. मादी ढोलीत बसते आणि नर शिकार आणून देतो, त्याला तुमच्या स्पीकरशी भांडायला लावलं तर घरचे उपाशी. (या नराचं सगळंच कौतुक नको, स्वतःचं पिल्लू खाल्ल्याची नोंदही आहे.)

शिंजीर

अगं बाई. हे शेवटचं नसतं सांगितलं तर चाललं असतं.

हिशोबनीस

एक विचारू का, मग यातून करायचं काय? राखीव जंगल वाढवायचं की तापीकाठ म्हणतायत तसं लोकांचं आधी बघायचं? मेळघाटसारखं व्याघ्र प्रकल्पाचं छप्पर असलं तर निभावतं, तिथे वाघाच्या नावावर हाही जगतो. पण शहादा-तळोदा, यावल, तिकडे बऱ्हाणपूर-खंडव्याकडचा भाग, तिथे वाघाचं छप्परच नाही.

माळावरचा

मेळघाटाच्या बाजूला पण सगळं आलबेल नाही, अप्पर तापीच्या पुढच्या टप्प्याच्या धरणात त्याचं चांगलं जंगल जायची टांगती तलवार आहेच. माझ्यापुरतं म्हणाल तर ढोलीची झाडं वाचवणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे. वाळकं, पोकळ, वाकडं झाड जंगल 'साफ' करताना काढू नका एवढं जरी सरपण नेणाऱ्या बायांना आणि तिथल्या वनरक्षकाला बसून समजावलं तरी फरक पडेल. पण त्याचं उद्घाटन करता येत नाही ना, फीत कशाला बांधणार.

तापीकाठ

बायांना समजवायची गरज नाही, पोकळ झाड त्या तोडत नाहीत, सरपण कमी निघतं. तोडतो कोण ते मी इथे लिहीत नाही.

बारा_गावचं_पाणी

बाप रे, केवढी माहिती. सगळ्यांचे आभार. मावशीला सांगितलं की साधा पिंगळा होता, ती म्हणे असू दे, स्टेटसला आता साठ जणांनी बघितलंय, मी काही काढत नाही.

पण थांबा. काल कार्ड रिकामं करताना अजून एक फोटो सापडला. त्याच दिवशीचा, पण अर्धा तास आधीचा आणि दोनेक किलोमीटर अलीकडचा. भाच्याने चालत्या गाडीतून काढलाय, पाठमोरा आहे, डोकं पानाआड, शेपटी मात्र दिसतेय. मला तर पट्टे रुंद वाटतायत. आता मी काहीच बोलत नाही, तुम्हीच बघा. फोटो ३.

माळावरचा

हम्म.

शेपटीवरचे पांढरे पट्टे रुंद आहेत खरे. मधले गडद पट्टेही बऱ्यापैकी काळपट. पण फोटो हललाय, त्यात ऊन मागून आहे, आणि टाळू दिसत नाही. यावर मी हो म्हणणार नाही. नाही पण म्हणणार नाही.

उंटावरचा_शहाणा

भाच्याला कॅमेरा द्या आणि तुम्ही गाडी चालवा.

शिंजीर

लॅपटॉपवर मोठा करून बघितला. पाय दिसत असते तर! परत जाणार आहात का तिकडे?

बारा_गावचं_पाणी

जायचंय हो, पण रजेला कारण लागतं. मावसभावाचा धाकटा भाऊ आहे, त्याचं अजून जमायचंय. पत्रिका फिरतेय.

तापीकाठ

स्थळ आहे एक आमच्याकडे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.